तीस घरांचं डब्लिन

दिलीप वडनेरकर डब्लिनमध्ये बसून अमेरिकेतली शहरं मोजत असे. ग्रँड कॅनाल डॉकला पाण्याच्या काठी त्याच्या कंपनीची काचेची इमारत होती. कंपनी अमेरिकन, मोठ्या दुकानदारांना सल्ला देणारी. कुठल्या शहरात कोण राहतं, कुणाच्या सणाला काय खपेल, कुठल्या भागात पाटी कोणत्या भाषेत लावावी, हे त्या दुकानदारांना हवं असे. दिलीपकडे गिऱ्हाइकांच्या नावांच्या याद्या येत, लाखालाखांच्या. नावावरून माणूस कुठल्या मुळाचा हे ओळखायची रीत त्याने बसवली होती. गार्सिया कुठला, न्गुयेन कुठला, कोवाल्स्की कुठला. आयरिश सहकारी थक्क होत. हे शिकलास कुठे, असं विचारत. तो म्हणे, घरी. आमच्याकडे सगळ्यांनाच येतं.

हे तो हसत सांगायचा. मीही हसले होते.

माझी मुलगी भार्गवी आणि जावई अभिजित दोघं डब्लिनला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. निवृत्तीनंतर, २००५च्या उन्हाळ्यात, मी पहिल्यांदा तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेले. तिथल्या मराठी मंडळाची सहल होथच्या टेकडीवर गेली होती. वाऱ्यात चटया धरून बसलो होतो, तेवढ्यात चव्वेचाळीस-पंचेचाळिशीचा, कपाळ वरपर्यंत गेलेला एक माणूस आला आणि सरळ माझ्या पाया पडला.

"बाई, हिंगणघाट. सातवी ब. खिडकीजवळ बसत होतो."

खिडकीजवळचा म्हटल्यावर आठवला. डावीकडे झुकणारं अक्षर, आणि कुणी बोलत असताना मध्ये न बोलण्याची सवय. समोरच्याचं बोलून झालं तरी तो क्षणभर थांबे, काही उरलं असेल तर येऊ द्यावं म्हणून. मी त्याचं आडनाव घेणार, तोच तो घाईने म्हणाला, "दिलीप वडनेरकर, बाई." मी तोंड मिटलं.

वर्गात त्याचं आडनाव वेगळं होतं. नागपूरला एम.एस्सी. झाल्यावर, पहिल्या नोकरीच्या आधी, त्याने गॅझेटमध्ये छापून ते बदललं आणि गावावरून नवं घेतलं. जुनं आडनाव ऐकल्यावर आपल्याकडे पुढे काही विचारावं लागत नाही. ते मी इथे लिहीत नाही. हा लेख लिहू का, असं मी त्याला विचारलं होतं. लिहा, म्हणाला, फक्त ते नको.

माझं स्वतःचं आडनाव सांगताना मला कधी विचार करावा लागला नाही. ते सांगितलं की माणसं पाट पुढे सरकवतात. हे मला साठाव्या वर्षापर्यंत जाणवलंही नव्हतं, आणि ही गोष्ट खरं तर तिथूनच बिघडली.

दिलीप १९९८ला आयर्लंडला आला. तेव्हा मंडळ नव्हतंच, पाच-सहा घरं होती. किलबॅरकला त्याचं घर, समुद्राच्या दिशेची खिडकी, मागे हातभर अंगण. बायको पद्मिनी अमरावतीची. मोठी बोलकी बाई, आणि स्वयंपाकाचा हात असा की पहिल्या वर्षापासून गणपतीचा नैवेद्य तिच्याकडेच आला. मातीची मूर्ती तिथे मिळत नसे, म्हणून सगळ्यांनी मिळून एक पितळी मूर्ती मागवली होती. तिचं विसर्जन वडनेरकरांच्या अंगणात बादलीत व्हायचं. मग पद्मिनी मूर्ती पुसून, मऊ टॉवेलात गुंडाळून वर्षभर आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवायची. कपाटाला ती आता तिथल्या लोकांसारखं प्रेसच म्हणे. सात वर्षं तो गणपती त्यांच्या साखरेच्या आणि रव्याच्या डब्यांशेजारी राहिला.

मुलगी निवेदिता. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र आयरिश वळणाच्या इंग्रजीत. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

पुढच्या वर्षी, २००६च्या जुलैत, मी पुन्हा गेले. आठवड्यातून एकदा मी डार्टने, म्हणजे तिथल्या लोकलने, ग्रँड कॅनाल डॉकला जायची आणि दिलीपच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाण्याकाठी बसायचो. चारचौघांत तो अगदी पुणेरी बोले. माझ्याशी दोघंच असलो की हिंगणघाटवर येई. एकदा त्याने मला आपलं काम समजावलं. डोळे मिटून शहरातली कुठलीही दोन माणसं उचलायची. ती वेगवेगळ्या समूहांतली निघण्याची शक्यता शंभरात किती, तो त्या शहराचा आकडा. न्यूयॉर्कचा चौऱ्याहत्तरच्या आसपास. शिकागो आणि ह्यूस्टन दोघांचा सत्तर. लॉस एंजेलिस थोडं खाली.

"म्हणजे शिकागो आणि ह्यूस्टन सारखीच की," मी म्हटलं.

"हेच तर आमच्या साहेबाला वाटते." त्याने सफरचंदाची फोड कापून मला दिली. मग सांगितलं की तोच आकडा गल्लीगल्लीने काढला की शिकागो धाडकन खाली येतं. गोरे इकडे, काळे तिकडे, मेक्सिकन पलीकडे. मधून एक रस्ता जातो आणि तो कुणी ओलांडत नाही. ह्यूस्टनही खाली येतं, पण इतकं नाही.

डब्लिनचा आकडा किती, असं मी विचारलं. काढण्यासारखा नाही, म्हणाला, म्हणून तर इथे बरं आहे. त्या एप्रिलमध्ये आयर्लंडच्या जनगणनेत पहिल्यांदाच वंशाचा प्रश्न आला होता. त्याला खूण करायला मिळालेला रकाना होता 'इतर कुठलाही आशियाई'. हे सांगताना त्याचा चेहरा खुलला. इतकं मोकळं आपल्याला कुठल्याच फॉर्मने सोडलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या शेजारच्या टेबलावर बेलफास्टचा ओवेन बसे. त्यांच्याकडेही नाव आणि शाळा सांगितली की माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट हे लोकांना आपोआप कळतं, म्हणून तोही डब्लिनला आलेला. दोघांचं चांगलं जमायचं.

कंपनीने त्याला दोनदा विचारलं होतं, अमेरिकेला ये, मोठं पद देतो. दोनदा त्याने नाही म्हटलं. मला कारण कळेना. मी म्हटलं, तिथे आपली कितीतरी माणसं आहेत, करमेल तुम्हाला.

"बाई, म्हणूनच." तो थांबला. "तिथं आपण इतके आहोत की निवडणं परवडते. त्या मोठ्या शहरांत एका मंडळाची चार झाली, आणि कोण कुठल्यात हे आडनाव सांगते. इथं तीस घरं आहेत. इथं निवडायला बसले तर आरतीला टाळ वाजवायला माणूस उरणार नाही. म्हणून इथं मी नुसता दिलीप आहे. मले तेवढंच पाहिजे."

निवेदिताची शाळा इथेच संपवायची, घराची खिडकी बदलायची, अंगणात सफरचंदाचं झाड लावायचं, असं सगळं त्याने ठरवलं होतं. त्याला डब्लिनला राहायचं होतं. तीस घरांत कुणी विचारलं नाही तोवर राहता येणार होतं, हे त्याने मला इतकं स्पष्ट सांगितलं होतं.

ऑगस्टअखेरीला गणपती आले. दोन सप्टेंबरला, शनिवारी, रहेनीतल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता. शिक्षक दिन तीन दिवसांवर होता, म्हणून माझा सत्कार करायचं विभावरीने ठरवलं. विभावरी मंडळाची सचिव, पुण्याची, कामाला वाघ. तिच्यावर मला अन्याय करायचा नाही. जुलैत मला ताप आला तेव्हा भार्गवी ऑफिसात असताना ती रोज दुपारी येऊन मला मुगाचं कढण देऊन गेली होती.

शाल, नारळ झालं. दोन शब्द बोला, म्हणाले. माझ्यापाशी सांगण्यासारखं काय, तर एक करामत. माझ्या वर्गांची हजेरी मला पाठ आहे. वर्ष सांगा, तुकडी सांगा, मी पहिल्यापासून शेवटच्या नंबरापर्यंत म्हणते. शाळेच्या निरोपसमारंभातही मी तेच केलं होतं आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समोर आमची इंग्रजी बोलणारी नातवंडं बसली होती, त्यांना गंमत वाटेल असं मनात आलं. आणि तिसऱ्या रांगेत दिलीप बसला होता, एका बाजूला पद्मिनी, दुसऱ्या बाजूला निवेदिता. माझा विद्यार्थी परदेशात एवढा मोठा झाला, तो माझा आहे, हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं.

मी म्हटलं, हिंगणघाट, १९७३, सातवी ब. आणि सुरू केलं. हजेरीत आधी आडनाव, मग नाव, मग वडलांचं नाव. पाच-सहा नावं झाल्यावर मुलांनी तालावर टाळ्या धरल्या. पंधराव्या नंबरानंतर मोठी माणसंही सामील झाली. एकवीस. बावीस. मी दिलीपकडे बघितलं. त्याने छातीजवळ हात थोडा वर केला होता, पंजा माझ्याकडे. मला वाटलं, हजेरी द्यायला तयार बसलाय.

मी तेवीस नंबर म्हटला. तिन्ही नावं, पूर्ण, वर्गात म्हणायची तशी. आणि एवढ्यावर थांबले नाही. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "आणि हा बसलाय माझा तेवीस नंबर."

टाळ्या थांबल्या. एकदम नाही, मोठ्या माणसांच्या आधी आणि मुलांच्या नंतर. हॉलची किल्ली सांभाळणारे चर्चचे म्हातारे गृहस्थ मागे उभे होते, ते तेवढे एकटे वाजवत राहिले.

दिलीप उभा राहिला. "हजर, बाई," म्हणाला आणि बसला.

चोविसावं नाव मी म्हटलं की नाही, मला आठवत नाही.

त्यानंतर काही झालं नाही. कुणी चेहरा वाकडा केला नाही. जेवणाच्या रांगेत सगळे नेहमीसारखेच होते, फक्त वडनेरकरांच्या मागेपुढे थोडी जागा सुटत होती. विभावरी ताट घेऊन दिलीपजवळ आली. मी शेजारीच होते.

"दिलीपदादा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"नाही, म्हणजे इतकी वर्षं आम्हाला वाटत होतं की तुम्ही…"

"काय वाटत होतं?"

"काही नाही हो. सहजच." तिने त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने आणखी एक जिलबी वाढली.

बुधवारी अनंत चतुर्दशी. दरवर्षी विसर्जनाला वडनेरकरांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. पद्मिनीने तीस घरांच्या अंदाजाने उकडीचे मोदक केले होते. चार घरं आली. बाकीच्यांचे निरोप आले. कुणाच्या मुलाचा पोहण्याचा क्लास, कुणाला ताप, कुणाची गाडी मलिंगारच्या रस्त्यावर बंद पडलेली. भार्गवीची अमेरिकेबरोबर मीटिंग होती. मी एकटी डार्टने गेले. आरतीला टाळ वाजवायला माणूस होता, पण दिलीपने टाळ हातात घेतला नाही. तो बादलीजवळ उभा राहिला आणि पाणी स्थिर होईपर्यंत बघत राहिला.

पद्मिनी प्रत्येकाला डबा भरून देत होती. चार घरांना किती देणार. मला म्हणाली, "बाई, उद्या ह्यांच्या ऑफिसात पाठवते. आयरिश लोकांना गोड आवडतं." आणि आत निघून गेली.

मी घरी येऊन भार्गवीला विचारलं, खरंच मीटिंग होती का. ती चिडली. "आई, कुणी काही म्हटलं का त्यांना? नाही ना? मग तू उगाच प्रत्येक गोष्टीत तेच कशाला शोधतेस? आम्ही इथे असलं काही मानत नाही." मला माझ्या मुलीचा खोटेपणा दाखवून देता येत नाही. मीटिंग खरी असेलही. पण त्याआधी विसर्जनाला ती आवर्जून सुट्टी घ्यायची.

दहा दिवसांनी दिलीपला मंडळाचं पत्र ईमेलने आलं. इंग्रजीत. दरवर्षी एकाच कुटुंबावर भार नको, सगळ्यांना सेवेची संधी मिळावी, म्हणून मूर्ती आणि नैवेद्य आता पाळीपाळीने ठेवायचं ठरलं आहे, पहिली पाळी विभावरीची. सात वर्षं जो दिलीपदादा होता, तो वर 'डिअर मिस्टर वडनेरकर' झाला होता.

विभावरी मूर्ती न्यायला आली तेव्हा मी तिथेच होते. पद्मिनीने प्रेस उघडलं, टॉवेलासकट मूर्ती काढली आणि तिच्या हातात दिली. विभावरी म्हणाली, टॉवेल राहू दे, मी आणलाय. तिच्या पिशवीत नवाकोरा टॉवेल होता, लेबल न काढलेला. पद्मिनीने आपला टॉवेल परत घेतला, त्याची घडी घातली. दारापर्यंत पोचवायला गेली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली. तिने विभावरीला चहाही दिला होता. विभावरीने घेतला नाही, नुकताच घेऊन आले म्हणाली.

निवेदिता जिन्यात बसून हे बघत होती. ती मला म्हणाली, तुम्ही वाचलंत ते आमचं खरं आडनाव आहे का? मी म्हटलं, तुझं आडनाव वडनेरकर आहे.

"मग तुम्ही ते का वाचलंत?"

छत्तीस वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि स्टेशनकडे निघाले.

सप्टेंबरच्या शेवटी माझी परतीची तारीख होती. त्याआधी मी शेवटची ग्रँड कॅनाल डॉकला गेले. दिलीपला म्हटलं, मला माफ कर. त्याने नेहमीसारखी वाट बघितली, माझं आणखी काही उरलंय का ते. मग म्हणाला, "तुमी यादी वाचली बाई. तुमचा जीव होता त्यात. तुमाले काय म्हणू."

मी म्हटलं, कदाचित आपण उगाच मनावर घेतोय. त्या दिवशी प्रत्येकाला काही ना काही काम असेल.

"असेल ना. प्रत्येकाचं कारण खरं असेल, एकेकटं धरलं तर. सव्वीसच्या सव्वीस एकाच दिवशी खरी असायची शक्यता मले काढता येते." त्याने पाण्याकडे बघितलं. "काढत नाही."

निवेदिताने त्याला छळलं होतं. तिच्या शाळेत इतिहासाच्या तासाला शिकवतात की इंग्रजांच्या राज्यात आयरिश लोकांनी आपल्या आडनावांच्या सुरुवातीचे 'ओ' आणि 'मॅक' गाळले आणि पुढे अभिमानाने परत लावले. मग आपणही आपलं परत लावू या, असं तिने बापाला म्हटलं. त्यावर तू काय म्हणालास, असं मी विचारलं. काही नाही, म्हणाला, तिला सांगितलं की त्यांनी परत लावलं तेव्हा देशही त्यांचाच झालेला होता.

मग त्याने सांगितलं की कंपनीने तिसऱ्यांदा विचारलं आणि या वेळी त्याने हो म्हटलं. तीन शहरांत जागा होती: शिकागो, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओ. मला वाटलं, ह्यूस्टन घेईल, त्याच्या कोष्टकात तेच सर्वांत बरं होतं. त्याने सॅन अँटोनिओ घेतलं. तिथला मिसळण्याचा आकडा पंचावन्न, त्याच्या कोष्टकात सगळ्यांत खालचा.

"मग तेच का रे?"

"गिऱ्हाइकांच्या याद्या आहेत ना माझ्याकडे. या वेळी दुसरं काही मोजलं नाही. आपली आडनावं मोजली. ह्यूस्टनला पानंच्या पानं भरली. सॅन अँटोनिओच्या यादीत सहा निघाली." सफरचंदाचा गाभा त्याने कागदात गुंडाळला. "सहा म्हणजे भेट न होता आयुष्य काढता येईल."

आयुष्यभर ज्याने माणसं किती मिसळतात ते मोजलं, त्याने शेवटी आपल्या माणसांपासून सर्वांत लांबची जागा मोजून काढली. सुट्टी संपली होती. तो उठला, पाया पडला, आणि रस्ता ओलांडून त्याच्या काचेच्या इमारतीत गेला.

मार्च २००७मध्ये ते गेले. निवेदिताची शाळा मध्येच तुटली. मंडळाने निरोपाचा कार्यक्रम केला, असं भार्गवीने फोनवर सांगितलं. खूप छान झाला, म्हणाली, सगळे आले होते, विभावरीला तर रडू आलं. ते रडू खरंच होतं, याबद्दल मला शंका नाही.

यंदा दिवाळीला पद्मिनीचा सॅन अँटोनिओहून फोन आला. घर मोठं आहे, ऊन पुष्कळ, शेजारी मेक्सिकन, प्रेमळ. पूर्वी ती फोनवर मला बोलू देत नसे. आता मध्येमध्ये गप्प होते. बोलता बोलता सांगितलं की परवा ती किराणा दुकानात नागपूरला भावाशी फोनवर बोलत होती. मागून एक साठीचे गृहस्थ आले, पाठोपाठ त्यांची बायको. दोघांचे चेहरे उजळलेले. या गावात मराठी ऐकून दोन वर्षं झाली, म्हणाले. कुठल्या तुम्ही, नागपूरकडच्या का? बाईने तर तिचा हात धरला. आणि मग मोठ्या मायेने विचारलं, आडनाव काय तुमचं?

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"हिंदीत म्हटलं, माफ करा, मला मराठी येत नाही."

"अगं, त्यांनी तुला बोलताना ऐकलं होतं ना."

"हो," पद्मिनी म्हणाली. "ऐकलं होतं."